डेथकोरसाठी नागपूरहून मुंबई-पुणे : या वीकेंड ट्रिपची पार्श्वभूमी

डेथकोर म्हणजे डेथ मेटल आणि हार्डकोर पंक यांचं मिश्रण, आणि त्यातला बाहेरचा बँड टूरवर आला की तारखा मुंबई, बंगळुरू, कधी दिल्ली, कधी पुणे अशा पडतात, नागपूर त्यात नसतंच, मग शुक्रवारी संध्याकाळी बॅग घेऊन निघायचं आणि सोमवारी ऑफिस गाठायचं, हे आपल्याकडची पोरं आता कितीतरी वर्षं करून राहिली आहेत.

या प्रकाराचा जुना भाग लवकर संपतो. डेथ मेटल ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फ्लोरिडात वाढलं, ब्रेकडाउन, म्हणजे गाण्यात मधेच येणारा संथ, जड तुकडा, न्यूयॉर्कच्या हार्डकोरवाल्यांकडून आला, आणि १९९१ मध्ये न्यूयॉर्ककडच्याच एका डेथ मेटल बँडने पहिल्या अल्बममध्ये तसे संथ, जड तुकडे घातले.

खरा घोळ आहे तो 'डेथकोर' या शब्दाचा. २००५ च्या सुमाराला मायस्पेस या तेव्हाच्या सोशल साइटवर हा शब्द सगळीकडे झाला तो बऱ्याचदा शिवी म्हणूनच, म्हणजे डेथ मेटलवाले म्हणायचे हे मेटल नाही आणि हार्डकोरवाले म्हणायचे हे आमचं नाही. त्याच वर्षी अ‍ॅरिझोनाच्या एका बँडची ईपी, म्हणजे छोटा अल्बम, आली, डुकराच्या किंकाळीसारखा तो आवाज, ज्याला सगळे पिग स्क्वील म्हणतात, त्यातूनच कित्येकांनी पहिल्यांदा ऐकला, आणि गंमत नाही, खरंच वाईट वाटावं असं म्हणजे २००७ च्या पहिल्या पूर्ण अल्बममध्ये त्याच बँडने ही सगळी बाजू जवळजवळ काढून टाकली. मेटल बँडच्या नोंदी ठेवणारं नेटवरचं सगळ्यात मोठं कोठार तर या प्रकारातले बरेच बँड नोंदवूनच घेत नव्हतं. मला हा निर्णय तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही, कारण वाद सगळा 'डेथ'वर झाला, 'कोर'कडे कुणी बघितलंच नाही. ब्रेकडाउन हा समोर उभ्या असलेल्या माणसांसाठी बांधलेला असतो, ड्रम अर्ध्या वेगावर येतात, गिटार खालच्या ट्यूनिंगला एकाच सुरावर आदळत राहते आणि पिटमधली, म्हणजे स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीच्या जागेतली, माणसं त्या ठोक्यावर हलतात, हे इअरफोनवर अर्धंच पोचतं.

आम्ही ते अर्धंच ऐकत मोठे झालो. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून गाणी उतरवायची, पेन ड्राइव्हवर फिरवायची, ऑर्कुटवर भांडायचं. लाइव्हचं दार उघडलं ते मार्च २००७ मध्ये, बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर इंग्लंडचा एक जुना हेवी मेटल बँड वाजला तेव्हा, आणि मग २०१२ पासून बंगळुरूतच दरवर्षीचा ओपन एअर फेस्टही सुरू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या डेथकोर बँडचा गायक मोटरसायकल अपघातात गेला, त्यानंतरची काही वर्षं हा प्रकार थंडच वाटायचा.

२०२१ मध्ये न्यू जर्सीच्या एका बँडच्या गाण्यातला शेवटचा ब्रेकडाउन टिकटॉकवर पसरला. आपल्याकडे टिकटॉक २०२० मध्येच बंद झालेलं, त्यामुळे इथल्या पोरांनी तो रील्सवर आणि यूट्यूबच्या रिअ‍ॅक्शन व्हिडिओत बघितला, आणि ज्यांना मायस्पेस काय ते माहीत नाही ती पोरं आता तिकीट काढतात, 'डेथकोर' हा शब्द ती बिनधास्त, अभिमानाने वापरतात. फार बरं वाटतं.

जाण्याचं गणित मात्र अलीकडेच बदललं. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झाला, ऑगस्टमध्ये अजनी-पुणे वंदे भारत आली, पण ती सकाळी निघून रात्री दहाच्या आसपास पुण्यात पोचते म्हणजे त्याच दिवशीच्या शोला काही कामाची नाही, एक दिवस आधीच निघावं लागतं. आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही हा २००० च्या नियमांपासूनचा मामला, म्हणून ओपन एअर शो लवकर सुरू होतात, ट्रॅव्हल्सनी दुपारी पोचलात तर पहिले दोन बँड गेले समजा. मुंबईत शो संपेपर्यंत विदर्भ आणि दुरांतो या नागपूरच्या दोन्ही गाड्या सुटलेल्या असतात, तेव्हा शो शनिवारचा असेल तर परतीचं तिकीट रविवारच्या दुरांतोचं काढायचं, सोमवारी सकाळी नागपूर येतं.