अर्धवट शिजलेलं मांस, टेपवर्म आणि मेंदू

नेहमी फिरणारा मेसेज असा: 'डुकराचं मांस कच्चं राहिलं की त्यातला टेपवर्म थेट मेंदूत चढतो, शाकाहारी माणसाला हा धोकाच नाही.' यातलं अर्धं खरं असल्यामुळे त्यावर विश्वास बसणं साहजिक आहे.

अशा मांसात असते ती टेपवर्मच्या (म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताच्या) अळीची पुटी, म्हणजे अळी असलेली छोटी पिशवी: पांढरट, साधारण 5 ते 10 मिलिमीटरची, नीट पाहिलं तर डोळ्यांना दिसणारी. ती जिवंत पोटात गेली की आतड्याला चिकटते आणि काही मीटर लांबीचा जंत होते. तो मात्र राहतो आतड्यातच.

मेंदूत गाठी होतात त्या अंड्यांमुळे. अंडी मांसात नसतातच. ज्याच्या पोटात हा जंत आहे त्या माणसाच्या विष्ठेतून ती बाहेर पडतात. मग न धुतलेले हात, दूषित पाणी, कच्च्या भाज्या अशा वाटेने ती कोणाच्याही तोंडात जातात. अंड्यातून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत पोहोचते. म्हणून आयुष्यात मांस न चाखलेल्यालाही हा आजार होतो.

(कोबीत दिसणारी हिरवी अळी टेपवर्म नव्हे. तिला पाय असतात, ती पुढे फुलपाखरू किंवा पतंग होते. टेपवर्मचं अंडं नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही.)

पडताळा तपासणीतूनही मिळतो. आतड्यातला जंत शौचाच्या तपासणीत सापडतो, मेंदूतल्या गाठी सीटी किंवा एमआरआयमध्ये. मांसाचा अख्खा तुकडा आतपर्यंत 63 अंश सेल्सिअसला शिजवून तीन मिनिटं तसाच ठेवला की पुटी मरते. खिम्याला 71 अंश लागतात.