बांधलेला वर्कर भलत्याच प्रोसेसरवर सापडतो तेव्हा

लिनक्सवर चालणाऱ्या कुठल्याही संगणकावर चालू प्रोसेसची यादी मागवली, की तिच्यात केवर्कर नावाचे पुष्कळ थ्रेड (प्रोसेसरवर स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धारा) दिसतात: केवर्कर/३:१, केवर्कर/०:०एच, केवर्कर/यू८:२. बहुतेक जण ती यादी तशीच खाली सरकवतात. पण या नावांत बरीच माहिती भरलेली असते. तिरप्या रेषेनंतरचा ३ सांगतो, की हा वर्कर ३ क्रमांकाच्या प्रोसेसरशी बांधलेला आहे (क्रमांक शून्यापासून सुरू होतात). शेवटी ‘एच’ असेल तर त्याच्याकडची कामं वरच्या प्राधान्याची. आणि ‘यू’ असेल तर तो कुठल्याही एका प्रोसेसरशी बांधलेला नाही. आता ज्याच्या नावात ३ आहे तो वर्कर ५ क्रमांकाच्या प्रोसेसरवर काम करताना सापडला, तर? संगणक बहुधा चालतच राहतो, पडद्यावर काही दिसत नाही. पण कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत दिलेला एक फार महत्त्वाचा शब्द मोडलेला असतो, आणि तो कोणी मोडला हे शोधणं ही डीबगिंगमधली (प्रोग्राममधल्या चुका हुडकण्यातली) सगळ्यात चिवट कामगिरी आहे असं माझं मत आहे.

हे वर्कर करतात काय? नेटवर्कवरून डेटा आला, डिस्कने काम संपवल्याचं कळवलं, की प्रोसेसर हातातलं काम सोडून त्या हाकेकडे, म्हणजे इंटरप्टकडे, धावतो. तिथे फार वेळ थांबता येत नाही, झोपता तर मुळीच येत नाही. म्हणून तातडीचं तेवढं उरकून बाकीचं काम एका रांगेत टाकलं जातं. या यंत्रणेला वर्कक्यू म्हणतात आणि रांगेतली कामं उपसणारे ते केवर्कर. पूर्वी बहुतेक वर्कक्यू प्रत्येक प्रोसेसरवर स्वतःचा एकेक थ्रेड उभा करायच्या, त्यामुळे मोठ्या यंत्रांवर थ्रेडची संख्या भरमसाट वाढायची. तेजुन हिओ यांनी ही रचना नव्याने लिहिली आणि ती २०१० मध्ये लिनक्स २.६.३६ मध्ये आली. तेव्हापासून वर्करचे ताफे सामायिक झाले, आणि आता प्रत्येक प्रोसेसरला असे दोन ताफे असतात, एक साध्या कामांसाठी आणि एक वरच्या प्राधान्याच्या.

वर्करला प्रोसेसरशी बांधायची कारणं दोन, आणि ती एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. पहिलं कारण वेगाचं. प्रोसेसरच्या अगदी जवळच्या कॅशमधून, म्हणजे छोट्या वेगवान मेमरीतून, डेटा मिळायला प्रोसेसरच्या घड्याळाची चार-पाच आवर्तनं लागतात, मुख्य मेमरीतून आणायला शेकडो. ज्या प्रोसेसरने काम रांगेत टाकलं त्याच्याच कॅशमध्ये त्या कामाचा डेटा गरम असतो, म्हणून काम तिथेच झालेलं बरं. हे साधलं नाही तर थोडा वेळ वाया जातो, बाकी काही बिघडत नाही.

दुसरं कारण अचूकतेचं, आणि गोष्ट अवघड होते ती इथे. कर्नलमध्ये असंख्य आकडे आणि याद्या प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळ्या ठेवलेल्या असतात. प्रत्येकाने फक्त आपल्याच आकड्याला हात लावायचा, म्हणजे दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून कुलूप लावायची गरज उरत नाही. समजा ३ क्रमांकाच्या प्रोसेसरचा एक गणक ४१ वर आहे. आपला वर्कर त्या गणकाचा मेमरीतला पत्ता काढतो. एरवी अशा वेळी ‘आता मला हलवू नका’ असं शेड्युलरला (कुठला थ्रेड कुठल्या प्रोसेसरवर चालवायचा हे ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाला) सांगून ठेवावं लागतं, पण बांधलेल्या वर्करच्या भरवशावर लिहिलेला कोड ते सांगत नाही, कारण हा वर्कर हलणारच नाही असं ठरलेलं आहे. आणि नेमका त्याच क्षणी तो ५ वर हलवला जातो. हातात पत्ता मात्र ३ च्या गणकाचा. आता ५ वरून तो त्या गणकात एक मिळवतो आणि त्याच वेळी ३ वर चालणारा दुसरा थ्रेडही एक मिळवतो. एक्स८६ प्रोसेसरवर ‘एक मिळवा’ ही एकच सूचना असते, त्यामुळे एकाच प्रोसेसरवर तिच्या मधे कोणी घुसत नाही. पण आतून ती वाचणं, मिळवणं आणि लिहिणं अशा तीन पायऱ्यांची असते, आणि दोन प्रोसेसरच्या पायऱ्या एकमेकींत मिसळू शकतात. दोघंही ४१ वाचतात, दोघंही ४२ लिहितात. दोनदा मोजलं, आकडा एकनेच वाढला. कुठेही क्रॅश नाही, तक्रार नाही. पुढे कधीतरी मेमरीचा हिशेब चुकलेला आढळतो. गणकाच्या जागी यादी असती तर तिचे दुवे तुटले असते.

ही गोष्ट लवकर कळावी म्हणून वर्कक्यूच्या कोडमध्ये एक पहारा आहे. रांगेतलं प्रत्येक काम हाती घेण्याआधी वर्कर तपासतो: माझा ताफा प्रोसेसरपासून सोडवलेला आहे का? नसेल, तर मी आत्ता ताफ्याच्या प्रोसेसरवरच आहे ना? उत्तर ‘नाही’ आलं, तर कर्नलच्या लॉगमध्ये इशारा छापला जातो. हा इशारा संगणक सुरू झाल्यापासून एकदाच छापला जातो, हे ध्यानात ठेवायला हवं. लॉगमध्ये तो पुन्हा दिसला नाही याचा अर्थ गडबड थांबली असा होत नाही.

इशाऱ्यासोबत फंक्शनांची साखळीही छापून येते आणि नवशिक्या माणूस आधी तिच्यावर झडप घालतो. या बाबतीत ती जवळजवळ निरुपयोगी आहे. तिच्यात दिसतो तो थ्रेडचा नेहमीचा मार्ग: थ्रेड सुरू झाला, वर्करच्या फेऱ्यात शिरला, काम उचललं. वर्करला ज्याने हलवलं त्याचं नाव तिथे नसतं, कारण हलवण्याचा प्रसंग केव्हाच होऊन गेलेला असतो.

म्हणून सुरुवात दोन प्रश्नांपासून करावी. या थ्रेडला कुठे चालायची परवानगी आहे, आणि तो प्रत्यक्षात कुठे चालतो आहे? पहिल्याचं उत्तर प्रॉक फाइलसिस्टिममध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) त्या थ्रेडच्या ‘स्टेटस’ फाइलीत मिळतं. तिथे एक मास्क असतो, म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये लिहिलेली बिटांची ओळ, दर प्रोसेसरला एक बिट. नुसता ८ असेल तर बायनरीत तो १०००, म्हणजे फक्त ३ क्रमांकाच्या प्रोसेसरला परवानगी. दुसऱ्याचं उत्तर ‘पीएस’ कमांडच्या ‘पीएसआर’ रकान्यात. मास्क ८ आणि रकान्यात ५ असं दिसलं, तर संशय शेड्युलरवर जातो. मास्कच सैल झालेला असेल, तर कोणीतरी तो बदलला आहे. हे काम बाहेरच्या कोणाचं असण्याची शक्यता नाही, कारण बांधलेल्या वर्करवर एक खास खूण असते आणि सर्वाधिकारी रूट वापरकर्त्याने टास्कसेट ही मास्क बदलणारी कमांड चालवली तरी कर्नल ‘अवैध आर्ग्युमेंट’ म्हणून त्याला परत पाठवतो. म्हणजे शोध कर्नलच्या आतच घ्यायचा.

अडचण अशी, की आपण बघायला जाईपर्यंत सगळं पुन्हा जागेवर आलेलं असतं. कोडमध्ये ठिकठिकाणी संदेश छापून बघावं, तर छापायला लागणाऱ्या वेळामुळे घटनांचा क्रम बदलतो आणि बग दिसेनासाच होतो. इथे कामी येतं एफट्रेस. स्टीव्हन रोस्टेड यांचं हे साधन २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ पासून कर्नलमध्येच आहे. ते काही छापत नाही, प्रत्येक प्रोसेसरच्या स्वतंत्र वर्तुळाकार बफरमध्ये छोट्या नोंदी टाकत राहतं. थ्रेड एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर गेल्याची, काम रांगेत टाकल्याची, काम सुरू झाल्याची आणि प्रोसेसर चालू-बंद झाल्याची अशा चार तऱ्हेच्या नोंदी चालू केल्या तरी पुरतं. आणखी दोन गोष्टी मी नक्की करेन. इशारा येताच नोंदणी थांबवणारी सोय चालू करेन, नाहीतर नंतरच्या नोंदी आधीच्या पुसून टाकतात. आणि ट्रेसचं घड्याळ ‘लोकल’ऐवजी ‘ग्लोबल’ ठेवेन. नेहमीचं घड्याळ वेगवान असतं, पण दोन प्रोसेसरमधल्या घटनांचा आगामागचा क्रम ते अचूक सांगेलच असं नाही, आणि इथे सगळा प्रश्न दोन प्रोसेसरमधल्या क्रमाचाच आहे. मग इशाऱ्यापासून उलट वाचत जायचं. ‘३ वरून ५ वर’ अशी त्या वर्करची नोंद सापडली, की तिच्या आजूबाजूला प्रोसेसर बंद किंवा चालू केल्याची नोंद दिसण्याचा संभव फार मोठा.

प्रोसेसर चालत्या यंत्रात बंद करता येतो. त्याच्या ‘ऑनलाइन’ नावाच्या फाइलीत ० लिहिलं, की झालं. त्यावरच्या बांधलेल्या वर्करचं काय करायचं? रांगेत कामं शिल्लक असतात. तेव्हा त्यांचा ताफा ‘सोडवलेला’ म्हणून चिन्हांकित होतो, त्यांचे मास्क खुले केले जातात आणि ते इतरत्र जाऊन कामं उरकतात. प्रोसेसर परत आला, की त्यांना पुन्हा बांधलं जातं. वर्कक्यू आणि शेड्युलर या दोन वेगळ्या यंत्रणांनी ही पावलं एकमेकींशी जुळवून टाकायची असतात. बग राहतात ते याच सांध्यात.

लिनक्स ५.११ च्या घडणीत नेमकं हेच झालं. त्यापूर्वी बंद होणाऱ्या प्रोसेसरवरचे थ्रेड शेड्युलर शेवटच्या क्षणी जबरदस्तीने बाहेर काढायचा, मास्क मोडून. थ्रेडला थोडा वेळ प्रोसेसर बदलू न देण्याची नवी सोय आणायची होती आणि तिच्यासाठी ही पद्धत बदलावी लागली. नव्या पद्धतीत प्रोसेसर बंद होऊ लागताच इतर थ्रेड आधीच बाहेर ढकलले जात, आणि खऱ्या अर्थाने त्या प्रोसेसरचे असलेले कर्नल थ्रेड मात्र जागेवर ठेवले जात. खरे कोणते, हे ओळखायची खूण काय? कर्नलचा थ्रेड आहे आणि मास्कमध्ये एकच प्रोसेसर आहे, एवढीच. पण मास्कमध्ये एकच प्रोसेसर असणारे थ्रेड दोन जातींचे निघाले. काहींची त्या प्रोसेसरवाचून अचूकताच टिकत नव्हती. काही केवळ सोयीसाठी तिथे बांधलेले होते आणि वेळ आली की शेड्युलर आपल्याला ओढून बाहेर काढेल, या जुन्या वागणुकीवर विसंबून होते. मास्क दोघांचाही सारखाच.

जानेवारी २०२१ मध्ये पीटर झाइलस्ट्रा यांनी कर्नल थ्रेडसाठी आधीपासून असलेली एक वेगळी खूण या कामी आणली: हा थ्रेड खरोखर या प्रोसेसरचा आहे. शेड्युलरने मास्कवरून अंदाज बांधायचं सोडलं आणि ही खूण पाहायला सुरुवात केली. बांधलेल्या वर्करना ती दिली जाते, प्रोसेसर बंद होताना काढून घेतली जाते आणि परत बांधताना पुन्हा दिली जाते. मला या दुरुस्तीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की थ्रेड कुठे आहे एवढंच नोंदवणाऱ्या यंत्रणेला तो तिथे का आहे हेही पहिल्यांदा स्पष्ट सांगता आलं.

हाच घोळ ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या बाजूनेही होतो. प्रोसेसरचं नाव न घेता रांगेत टाकलेलं काम वर्षानुवर्षं ज्या प्रोसेसरने टाकलं त्याच प्रोसेसरवर चालायचं, म्हणून कित्येक कोड ते गृहीत धरून लिहिले गेले. पण काही प्रोसेसर अशा कामांपासून मोकळे ठेवण्याची गरज वापरकर्त्यांना होती, म्हणून २०१६ मध्ये ही हमी सैल झाली. त्याच वेळी हिओ यांनी एक तपासणीची सोय आणली: बूट करताना वर्कक्यू.डीबग_फोर्स_आरआर_सीपीयू हा पर्याय दिला, की अशी सगळी कामं मुद्दाम आळीपाळीने वेगवेगळ्या प्रोसेसरवर पाठवली जातात. कधीकाळी अपघाताने उघड होणारी गृहीतकं मग लवकर उघडी पडतात. ज्या कामाला खरोखर ठरावीक प्रोसेसर हवा असेल, त्याने तो नावानिशी मागावा, त्यासाठी वेगळं फंक्शन आहे. काम पुरं होईपर्यंत तो प्रोसेसर बंद होणार नाही, हे पाहणं मात्र मागणाऱ्याकडेच राहतं.