सरोवरकाठचे सामूहिक वनशिबिर

उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागातील सूचिपर्णी व मिश्र अरण्यांत सरोवराच्या काठी गटाने तळ देऊन राहण्याची प्रथा. वीज, नळ व पक्के छप्पर नसणे हे तिचे बाह्य लक्षण. लाकूडफाटा, पाणी, रांधणे ही कामे शिबिरार्थींनी स्वतः वाटून घेणे, हे खरे लक्षण होय.

उगमाविषयी एकमत नाही. ऑगस्ट १८५८ मध्ये चित्रकार विल्यम जेम्स स्टिलमन यांनी न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅडिराँडॅक पर्वतप्रदेशात फॉलन्सबी तळ्याकाठी दहा जणांचे शिबिर भरविले. तत्त्वचिंतक राल्फ वॉल्डो एमर्सन, निसर्गवैज्ञानिक लुई अ‍ॅगासी व कवी जेम्स रसेल लोएल त्यात होते. (एमर्सन बंदूक घेणार हे कळताच कवी लाँगफेलो यांनी जाण्याचे टाळले, असे सांगतात.) थोराड मॅपल वृक्षांखाली स्प्रूसच्या सालींचा आडोसा उभारला होता, मात्र कष्टाची बहुतेक कामे स्थानिक वाटाड्यांकडे होती. त्यामुळे हे शिबिर पूर्वपीठिकेत धरावे, आरंभ म्हणून नव्हे. आरंभाचा मान सामान्यतः कनेक्टिकटमधील शाळाचालक फ्रेडरिक विल्यम गन यांच्या १८६१ च्या शिबिराला देतात. पण तो पंधरवड्याचा मुक्काम समुद्रकिनारी होता. पेनसिल्व्हेनियात जोसेफ रॉथ्रॉक या डॉक्टरांनी १८७६ मध्ये भरविलेल्या शिबिराचा हेतू अशक्त मुलांची प्रकृती सुधारणे हा होता. या सर्वांपेक्षा अर्नेस्ट बाल्च यांनी १८८१ मध्ये न्यू हॅम्पशरमधील स्क्वाम सरोवराच्या एका बेटावर सुरू केलेले चोकोरुआ शिबिर प्रस्तुत प्रथेला अधिक जवळचे वाटते. श्रीमंतांची मुले उन्हाळी हॉटेलांत आळसावतात हे पाहून बाल्च यांनी नोकर न ठेवता स्वयंपाक-भांड्यांसह सर्व कामे मुलांवर सोपविली. हे शिबिर १८८९ मध्ये बंद पडले. सम्नर डडली यांचे १८८५ चे शिबिर मात्र शँप्लेन सरोवराकाठी अद्याप चालू आहे.

प्रवासाचे तंत्र मूळ रहिवाशांचे आहे. ओजिब्वे लोकांची भूर्जसालीची नाव हलकी असल्याने एका सरोवरातून दुसऱ्यात खांद्यावरून नेता येई. अशा पायवाटांना पोर्टेज म्हणतात. मिनेसोटात त्यांची लांबी आजही रॉडमध्ये (१६.५ फूट, सुमारे ५ मी.), म्हणजे साधारण एका नावेच्या लांबीत मोजतात.

मिनेसोटातील सुपीरिअर राष्ट्रीय वनाच्या (स्थापना १९०९) बाउंडरी वॉटर्स या हजाराहून अधिक सरोवरांच्या राखीव क्षेत्रात एका गटात जास्तीत जास्त ९ माणसे व ४ नावा चालतात. विस्तव नेमलेल्या जागीच, लोखंडी जाळीच्या चुलीत पेटवायचा असतो. खाद्यपदार्थांचे पत्र्याचे डबे व काचेच्या बाटल्या नेता येत नाहीत आणि शिधा अस्वलांच्या आवाक्याबाहेर ठेवावा लागतो.