डिफरन्शियलमध्ये ग्रीस ठासू नका
"जुन्या गाडीचं मागचं अ‍ॅक्सल गळतंय? डिफरन्शियलमध्ये ग्रीस ठासा!" हा सल्ला आपल्या कोल्हापुरात, अगदी कारखान्या-गॅरेजांच्या उद्यमनगरातही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. डिफरन्शियल म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधली, इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारी गिअरची पेटी. त्यातलं मोठं गिअर, म्हणजे क्राउन व्हील, घट्ट ग्रीसमध्ये चर पाडतं, ग्रीस परत आत ओघळत नाही आणि पिनियनचं (क्राउन व्हीलला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचं) बेअरिंग कोरडं पडतं. ऑइल मात्र उडून बेअरिंगपर्यंत पोचतं आणि परत खाली येतं.

गळतीचं मूळ बहुधा झिजलेलं सील, नाहीतर चिखलानं बुजलेला ब्रीदर (आतल्या हवेचा दाब बाहेर सोडणारं छोटं भोक). आधी तो साफ करा. मग गाडी सपाट जागी लावून फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) काढा, बोट घालून बघा. बहुतेक गाड्यांत ऑइल भोकाच्या खालच्या काठापर्यंतच हवं. जास्त झालं तर ते ब्रेक ड्रममध्ये उतरून लायनर भिजवतं, आणि हे खरंच धोक्याचं आहे. ऑइलची ग्रेड गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच घ्या.