ल माँचा सरळ रस्ता आणि दोन वळणं

फ्रान्समधल्या ल माँ शहराची चोवीस तासांची मोटारशर्यत पहिल्यांदा 26-27 मे 1923 रोजी झाली. तेव्हा एक फेरी 17.262 किलोमीटरची होती, आज ती 13.626 किलोमीटरची आहे. 1932 पर्यंतची काटछाट मुख्यतः शहराची वस्ती टाळण्यासाठी होती. पुढचे बहुतेक बदल वेगामुळे करावे लागले. वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते, हे गणित कुणालाच चुकवता येत नाही.

11 जून 1955 ला त्याची भयंकर किंमत मोजावी लागली. पिट, म्हणजे इंधन भरायची जागा, रस्त्याला अगदी लागून होती, मध्ये भिंत नव्हती. पिटकडे वळण्यासाठी माइक हॉथॉर्नने जॅग्वारचा ब्रेक दाबला. त्याला चुकवायला मागचा लान्स मॅक्लिन डावीकडे सरकला आणि मागून सुसाट आलेली पिएर लव्हेगची मर्सिडीज मॅक्लिनच्या गाडीच्या उतरत्या पाठीवरून हवेत उडाली. तिचे तुकडे गर्दीत घुसले. ऐंशीहून अधिक माणसं गेली. या जिवांची जबाबदारी एका चालकावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. तो अरुंद रस्ताच अपघाताला आमंत्रण देत होता. पुढच्या शर्यतीआधी पिट पाडून मागे सरकवले आणि रस्ता रुंद केला.

शर्यतीच्या मार्गावरचा म्युलसानचा सुमारे सहा किलोमीटरचा सरळ पट्टा मात्र तसाच राहिला. एरवी हा साधा सार्वजनिक रस्ता. 1988 मध्ये रॉजे दोर्शीने तिथे ताशी 405 किलोमीटर वेग गाठला, म्हणजे सेकंदाला 112 मीटर! तिथून ताशी 100 वर यायचं तर सोळा भागांतली पंधरा भाग ऊर्जा घालवावी लागते. काही हवेच्या रोधात जाते, उरलेल्या उष्णतेने ब्रेकच्या चकत्या लालभडक होतात.

दोन किलोमीटरपेक्षा लांब सरळ पट्टा नको, असं मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं म्हणणं होतं. म्हणून 1990 मध्ये तिथे दोन नागमोडी वळणं घातली. त्याबरोबर गाड्यांचा आकारही बदलला. हवा कापण्यासाठी केलेल्या लांब शेपटीपेक्षा गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पंख महत्त्वाचे ठरले, कारण आता एकाऐवजी तीनदा जोरात ब्रेक लावायचा होता.

ब्रेकमधली ही ऊर्जा पुढे कामाला आली. 2012 ची विजेती आउडी हायब्रिड होती. ब्रेक लागला की ती ऊर्जा एका वेगाने फिरणाऱ्या चक्रात साठवली जाई आणि वळणातून बाहेर पडल्यावर, ताशी 120 किलोमीटरच्या पुढे, पुढच्या चाकांना परत मिळे.