निवडक फोकस आणि मऊ कडा

छायाचित्रातला ठरावीक भाग स्पष्ट ठेवून बाकीचा धूसर करणे म्हणजे निवडक फोकस. स्पष्ट आणि धूसर भागांमधली सीमा एकदम न तुटता विरत जाईल अशी करणे म्हणजे कडा मऊ करणे. कॅमेऱ्यात हे काम लेन्स करते: एफ/१.८ इतके ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र) मोठे उघडले की विषयाच्या मागेपुढे थोडेच अंतर स्पष्ट येते, एफ/१६ इतके लहान ठेवले की बरेच येते. डिजिटल संपादनात हाच परिणाम फोटो काढून झाल्यावर साधतात. आपल्याकडच्या स्टुडिओंत त्याला ‘बॅकग्राउंड ब्लर करणे’ आणि ‘फेदर देणे’ म्हणतात.

कल्पना मात्र संगणकापेक्षा खूप जुनी आहे. कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये मुद्दाम मऊ फोकसची व्यक्तिचित्रे काढली. डोळ्याला दृश्याचा मध्यच नीट दिसतो, म्हणून मुख्य विषय स्पष्ट आणि भोवताल किंचित मऊ असावा, असे छायाचित्रकार पीटर हेन्री इमर्सन यांनी १८८९ मध्ये मांडले. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात ‘ग्रुप एफ/६४’ या छायाचित्रकारांच्या गटाने याच्या अगदी उलट, सर्वत्र काटेकोर स्पष्टतेचा आग्रह धरला.

संपादनातला सर्वांत साधा मार्ग गॉसियन ब्लरचा. यात प्रत्येक पिक्सेलची किंमत शेजारच्या पिक्सेलांच्या भारित सरासरीने बदलते; जवळच्यांना जास्त वजन, लांबच्यांना कमी. मात्र लेन्सची धूसरता अशी नसते. फोकसबाहेरचा दिवा लेन्समधून ॲपर्चरच्या आकाराची ठसठशीत चकती होऊन उमटतो, तर गॉसियनमध्ये त्याचे नुसते धुके होते. फोटोशॉपमध्ये २००३ च्या आवृत्तीत आलेला लेन्स ब्लर ही चकती घडवतो. २०१२ च्या आवृत्तीत फील्ड, आयरिस आणि टिल्ट-शिफ्ट हे ब्लरचे आणखी प्रकार आले.

तरीही फोटो खरा वाटतो की खोटा, हे फिल्टरपेक्षा मास्कवर, म्हणजे परिणाम कुठे दिसावा आणि कुठे नाही हे ठरवणाऱ्या करड्या छटांच्या आवरणावर, ठरते. आठ बिटांच्या मास्कमध्ये ० म्हणजे पूर्ण झाकलेले, २५५ म्हणजे पूर्ण उघडे. फेदर दिल्यावर कडेला मधल्या छटांची पट्टी तयार होते. तिची रुंदी पिक्सेलांत मोजतात, त्यामुळे १००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत शोभणारा फेदर ६००० पिक्सेलच्या फोटोत जवळजवळ दिसतही नाही. शिवाय सगळ्या कडांना एकच फेदर देणे ही ढोबळ चूक आहे. खांद्याची किंवा कॉलरची कड एक-दोन पिक्सेलांत संपावी, केसांच्या बटा मात्र वेगळ्या हाताळाव्या लागतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे माणसाभोवती दिसणारे वलय. माणूस चित्रात असतानाच पार्श्वभूमी धूसर केली, तर त्याच्या कपड्यांचा आणि त्वचेचा रंग मागे झिरपतो. यावर उपाय असा: माणूस वेगळ्या लेयरवर (चित्राच्या स्वतंत्र थरावर) घ्यायचा, खालच्या लेयरवरची त्याची जागा आजूबाजूच्या पोताने भरायची आणि मग तो लेयर धूसर करायचा. कामाचा वेळ वाढतो, पण वलय राहत नाही.

धूसरता अंतराप्रमाणे वाढली पाहिजे. उभ्या माणसाच्या पायाखालची जमीन त्याच्याइतकीच स्पष्ट हवी, कारण ती कॅमेऱ्यापासून तितक्याच अंतरावर आहे. म्हणून करड्या छटांत अंतर नोंदवणारा डेप्थ मॅप वापरतात. साधा उतरता ग्रेडियंटही (गडद ते फिकी अशी सलग छटा) बऱ्याचदा पुरतो. धूसर भागातला कणीदारपणा पुसला जातो, तो नॉइज (बारीक कण) मिसळून परत आणावा लागतो. नाहीतर पार्श्वभूमी प्लास्टिकसारखी गुळगुळीत दिसते.

२०१६ च्या आयफोन ७ प्लसने दोन लेन्सांच्या मदतीने, तर २०१७ च्या गूगलच्या ‘पिक्सेल २’ फोनने एकाच लेन्सने अंतराचा अंदाज घेऊन हे काम मोबाईलवर आणले. चष्म्याची काच, सुटे केस, कमरेवर ठेवलेल्या हाताच्या कोपरातली मोकळी जागा, इथे हा अंदाज अजूनही चुकतो. मग फोटो मोठा करून, बारीक ब्रशने मास्क हातानेच दुरुस्त करावा लागतो.