माद्रीचे सहगमन : पार्श्वभूमी

पत्नीशी संग करताच पांडूला मृत्यू येईल हा किंदम ऋषींचा शाप, दुर्वासांनी कुंतीला दिलेला मंत्र आणि त्यातून झालेले पाच मुलगे ही महाभारतातली कथा सर्वांना पाठ आहे. खरा गुंता आहे तो पांडूच्या मृत्यूनंतरच्या मोजक्या श्लोकांत.

माद्री ‘सती गेली’ असे आपण सहज म्हणतो. आदिपर्वात शब्द आहे ‘अन्वारोहत्’, म्हणजे मागोमाग चढली. ‘सती’चा जुना अर्थ साध्वी स्त्री एवढाच, चितेवर जाण्याच्या प्रथेला ते नाव नंतर चिकटले. त्यामुळे आजचा वाचक पुढच्या काळातली सगळी रूढी माद्रीच्या माथी मारतो. मूळ प्रसंगात तिच्यावर कुणाचीच सक्ती नाही. थोरली म्हणून पतीमागे जाण्याचा मान कुंती मागते आणि धर्मफळाची भाषाही तीच बोलते. माद्रीची कारणे अगदी खाजगी आहेत : राजा माझ्या ओढीने गेला, आणि तुझ्या मुलांना माझ्या मुलांसारखेच वागवणे मला जमणार नाही. इतका प्रांजळ कबुलीजबाब बाजूला सारून तिला केवळ पतिव्रतेच्या चौकटीत बसवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

पुढचा पेच याहून मोठा. चिता पेटली, माद्री तीत शिरली. तरीही सतराव्या दिवशी ऋषी हस्तिनापुरात येऊन दोघांची ‘शरीरे’ समोर ठेवतात. तिथे राजाला चंदनाचा लेप लावतात, वस्त्रे नेसवतात, तो जिवंत असल्यासारखा शोभतो असे वर्णन येते आणि मग माद्रीसह त्याला अग्नी दिला जातो. ‘शरीरे’ म्हणजे अस्थी, असा अर्थ लावून पाहिला जातो, पण अस्थींना कोण वस्त्रे नेसवील? दोन परंपरा इथे एकत्र शिवल्या गेल्या आणि चितारोहण हा त्यातला नंतरचा धागा, हेच जास्त पटते. जुनी हस्तलिखिते ताडून पाहत पुण्यात १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र दोन्ही वर्णने कायम आहेत, म्हणजे ही जोडणीही जुनीच. शिवाय युद्धानंतरच्या स्त्रीपर्वात असंख्य विधवा रणांगणावर आक्रोश करतात. चितेवर कुणी चढत नाही.

दगडावरचा पुरावा बराच उशिराचा. मध्य प्रदेशातील एरण येथे इ.स. ५१० च्या लेखात युद्धात पडलेल्या सरदारामागे पत्नीने अग्निप्रवेश केल्याची नोंद आहे. महाराष्ट्रात गावोगाव सतीशिळा दिसतात : कोपरात वाकलेला हात, त्यात बांगड्या, वर चंद्रसूर्य. १७७२ मध्ये थेऊरला थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या. १८२९ मध्ये बंगाल इलाख्यात बंदी आली, मुंबई इलाख्यात १८३० मध्ये. बंदीविरुद्धचा अर्ज १८३२ मध्ये लंडनला फेटाळला गेला. तरी १९८७ मध्ये राजस्थानातील देवराळ्यात एक तरुण विधवा चितेवर जळाली. त्यानंतर झालेल्या केंद्रीय कायद्याने सतीचे उदात्तीकरणही गुन्हा ठरवले.